नदीकाठचा हिरवा पट्टा

आयर्लंड हे हिरवे बेट म्हणून जगात प्रसिद्ध आहे. पण रान हिरवे म्हणून पाणी निर्मळ असतेच असे नाही. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २०१६ ते २०२१ या काळाच्या पाहणीत केवळ ५४ टक्के नद्या, तळी व किनाऱ्यालगतचे पाणी समाधानकारक ठरले.

याचे एक मोठे कारण शेती आहे. हा गाईगुरांचा देश. पावसाबरोबर माती आणि तिला चिकटलेले स्फुरद ओढ्यात उतरते, शेवाळ माजते आणि माशांचा प्राणवायू घटतो. यावर एक जुना उपाय पुन्हा पुढे आला आहे. ओढ्याकाठी गवत, झुडपे व देशी झाडांचा पट्टा राखावयाचा. गवत पाण्याचा वेग मोडते, गाळ मागेच बसतो आणि मुळे काठ धरून ठेवतात.

मात्र हा पट्टा सर्व रोगांवर औषध नव्हे. 'चागस्क' ही सरकारी कृषिसंस्था २००८ पासून काही निवडक खोऱ्यांचा अभ्यास करीत आहे. वेक्सफर्ड जिल्ह्यातील बॅलीकॅन्यू येथे जमीन चिकण, म्हणून पाणी वरून वाहते. तेथे पट्टा उपयोगी पडतो. त्याच जिल्ह्यातील कॅसलडॉकरेल येथे जमीन निचऱ्याची. तेथे नत्र जमिनीखालून झिरपते आणि पट्ट्याला चुकवून नदी गाठते. तेथे खत बेताने व वेळेवर घालणे हाच उपाय. शिवाय पाणी सगळ्या काठावरून सारखे उतरत नाही, ठराविक वाटांनी उतरते. झाडे त्या वाटांवर हवीत.

शेतकऱ्यापुढील पेचही खरा आहे. युरोपीय नियमाने हेक्टरी १७० किलो शेणखताचे नत्र चालते. आयर्लंडच्या अनेक शेतकऱ्यांना खास परवानगीने २५० किलोपर्यंत मुभा होती. २०२४ पासून बऱ्याच भागांत ती २२० वर आली. मर्यादा घटली की गाई कमी कराव्या लागतात अथवा जमीन वाढवावी लागते. पट्ट्यासाठी जमीन सोडणाऱ्याला मोबदला मिळाला नाही, तर भार एकट्या त्याच्यावर पडतो आणि स्वच्छ पाणी मात्र सर्वांना मिळते.

आपल्या मॉरिशसमध्ये १९८३ च्या कायद्याने नदीकाठची १६ मीटर जागा राखीव आहे. उसाच्या उतारावरून सुटलेली माती अखेर आपल्याच खाडीत आणि प्रवाळावर जाऊन बसते. नियम कागदावर आहे. काठावर झाडे आहेत का, हे आपणच जाऊन पाहावयास हवे.