दोन वादळे आणि भिंतीवरचा नकाशा



२०१९ सालची दिवाळी मालवण-देवगडकडील लोक सहसा विसरणार नाहीत. २४ ऑक्टोबरच्या सुमारास अरबी समुद्रात कमी दाबाचे तीव्र क्षेत्र तयार झाले. त्यातून ‘क्यार’ हे चक्रीवादळ बनले आणि ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, २७ तारखेला, ते ‘सुपर सायक्लोन’ या सर्वांत वरच्या श्रेणीत गेले. ते किनाऱ्यावर आले नाही. ओमानच्या दिशेने निघून गेले. तरीही येथे समुद्राला उधाण आले, पावसाने उभे भात आडवे झाले आणि मच्छीमारांच्या नौकांनी देवगड बंदरात आसरा घेतला. क्यार पुरते विरण्यापूर्वीच लक्षद्वीपजवळ ‘महा’ हे दुसरे वादळ उठले!

ही दोन्ही वादळे शास्त्रज्ञांना एकाच चित्रात दिसत होती. आपले इन्सॅट उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीबरोबरच फिरतात. म्हणून आपला समुद्र सतत त्यांच्या नजरेखाली असतो. रात्री काय करायचे? तेव्हा ढगांकडून येणारे अवरक्त किरण टिपले जातात. ढगाचा माथा जितका उंच तितका थंड, आणि जितका थंड तितका तो चित्रात पांढरा दिसतो. ढगांचे वेटोळे किती घट्ट आहे, मधला ‘डोळा’ किती स्पष्ट आहे, यावरून वाऱ्याच्या वेगाचा अंदाज बांधतात.

‘‘इशारा तर मिळतोच, मग आपण कशाला डोके शिणवावे?’’ असे कोणी म्हणेल. मला हे पटत नाही. नकाशावरची रेघ हा केवळ वादळाच्या केंद्राचा मार्ग असतो. केंद्र शेकडो किलोमीटर दूर असले तरी लाटा किनारा गाठतात. शिवाय रेघ वळतेही : ‘महा’ आधी वायव्येकडे गेले आणि मग उलट फिरून गुजरातकडे आले. हे ज्याला उमगले, तो ‘‘वादळ लांब गेले’’ एवढे ऐकून होडी पाण्यात लोटणार नाही.

म्हणून किनाऱ्यावरच्या प्रत्येक शाळेत अरबी समुद्राचा मोठा नकाशा भिंतीवर असावा. वादळ उठले की हवामान खात्याच्या पत्रकातले अक्षांश-रेखांश पाहून तुम्ही सकाळ-संध्याकाळ त्यावर टाचणी टोचावी. वादळे दोन असली तर रंग दोन घ्यावेत. सप्टेंबर २०२० मध्ये अटलांटिक महासागरात एकाच वेळी पाच चक्रावर्ते होती. तेथे पाच रंग लागले असते!

उपग्रहाचे चित्र होडीला थांबवू शकत नाही. तुम्ही घरी जाऊन नीट समजावून सांगितलेत, तर ती कदाचित थांबेल.