शून्य आणि गैरहजर

टेनिसबद्दल बोलायचा या मास्तराला काय अधिकार, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, धंदा शाळेत शिकवण्याचा, उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिण्याचा. रॅकेट हाती धरून मी कधी मैदानात उतरलो नाही, जे पाहिले ते पडद्यावर पाहिले. पण अलीकडे टेनिसच्या नावाने जो वाद घरोघर चालला आहे तो टेनिसचा नव्हेच. तो बेरजेचा आहे. आणि दुसऱ्याची बेरीज तपासणे हे तर माझे रोजचे काम!

बेरीज अशी. २०२३ च्या सप्टेंबरात नोव्हाक जोकोविचने न्यूयॉर्कला अमेरिकन स्पर्धा जिंकली आणि मोठ्या चार स्पर्धांतली त्याची अजिंक्यपदे २४ झाली. नदालची २२, फेडररची २०, सॅम्प्रसची १४, एमर्सनची १२, लेव्हरची ११, बोर्गची ११, रोझवॉलची ८, गोंझालेसची २. झाली पंगत तयार! ज्याचा आकडा मोठा त्याचे पान वर, ज्याचा लहान त्याने दाराशी बसावे. आता अल्काराझ आणि सिन्नर हे दोन तरुण आले. २०२४ व २०२५ या दोन वर्षांतल्या आठही मोठ्या स्पर्धा त्यांनी चार-चार अशा वाटून घेतल्या. लगेच आमचे हिशेबनीस बोटे मोडीत बसले, की या गतीने अमुक साली हा लेव्हरला मागे टाकणार आणि तमुक साली तो बोर्गला. खेळ कसा आहे हे कोणी सांगत नाही. किती झाले, एवढेच सांगतात.

शाळेच्या निकालपत्रकात दोन खुणा असतात. मुलगा परीक्षेला बसला आणि त्याला काहीच आले नाही तर '०' लिहायचे. मुलगा बसलाच नाही तर 'गै. ह.' लिहायचे. नव्या मास्तराला पहिल्याच वर्षी हेडमास्तर हे शिकवतात, कारण या दोहोंत गल्लत केली तर मुलाच्या जन्माचे नुकसान होते. तिसराही एक प्रकार असतो, त्याला मात्र पत्रकात खूण नाही. मुलगा तयारी करून, शाईपेन घेऊन दाराशी येतो, आणि फी थकली म्हणून त्याला परत पाठवतात. असे मुलगे मी पाहिले आहेत. टेनिसच्या या पंगतीत ज्यांना दाराशी बसवले आहे त्यांतले पुष्कळसे या तिसऱ्या प्रकारचे आहेत, आणि त्यांच्या नावापुढे आमचे पंडित खुशाल शून्य मांडून मोकळे होतात.

१९६८ च्या एप्रिलपर्यंत या चार स्पर्धा केवळ 'हौशी' खेळाडूंसाठी होत्या. खेळण्याचे पैसे उघडपणे घेतले की माणूस 'धंदेवाईक' ठरे आणि विंबल्डनचे दार त्याला बंद होई. उघडपणे, हा शब्द महत्त्वाचा. टेबलाखालून खर्चाच्या नावाने पाकीट घेणारे, खेळाचे साहित्य विकणाऱ्या कंपनीत नावापुरती नोकरी करणारे, हे सर्व सोवळ्यात! ज्याने करारावर सही केली आणि घेतले ते घेतले म्हणून सांगितले तो तेवढा ओवळ्यात. या सोवळ्याओवळ्याने एका खेळाची चाळीस वर्षे नासवली. दरवर्षी सर्वांत चांगला हौशी खेळाडू दोनचार अजिंक्यपदे मिळवी, धंदेवाईकांच्या तांड्यात जाई, आणि विंबल्डनच्या दृष्टीने मरे.

पांचो गोंझालेस घ्या. मेक्सिकोतून आलेल्या कष्टकरी आईबापांचा हा मुलगा लॉस एंजलिसच्या सार्वजनिक मैदानांवर स्वतःच्या अकलेने शिकला. शाळा बुडवतो म्हणून तिथल्या टेनिसच्या अधिकाऱ्याने त्याला कुमारवयात स्पर्धांतून बाहेर ठेवले होते. मी मास्तर असूनही मला त्या अधिकाऱ्याची बाजू घेववत नाही. १९४८ आणि १९४९ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने अमेरिकन अजिंक्यपद मिळवले. एकवीस वर्षांचा होता. पैशांची गरज होती. त्याने करार केला. दार बंद झाले ते पुढे १८ वर्षे उघडले नाही. १९५० ते १९६७ या काळात ७२ मोठ्या स्पर्धा झाल्या. त्या दिवसांत ऑस्ट्रेलियाला दरवर्षी कोणी जात नसे, म्हणून ती वगळा. तरी ५४ उरतात. ५४ वेळा जगातला कदाचित सर्वांत चांगला खेळाडू बाहेर उभा होता.

आणि बाहेर तो काय करीत होता? गावोगाव हिंडत होता. ट्रकमधून मैदान न्यायचे, म्हणजे जाड कापडाचे पट्टे. ते व्यायामशाळेच्या नाहीतर बर्फाच्या मैदानाच्या जमिनीवर ताणून बसवायचे, रात्री सामना करायचा, पट्टे गुंडाळायचे, पुढचे गाव गाठायचे. आमच्या तमाशाच्या फडाचीच ही तऱ्हा! पहिल्या दौऱ्यात जॅक क्रेमरने त्याला ९६ विरुद्ध २७ असे लोळवले. मग हाच गोंझालेस उभा राहिला. ट्रॅबर्ट १९५५ साली विंबल्डन, पॅरिस आणि अमेरिका अशी तीन अजिंक्यपदे घेऊन ताठ मानेने आला. गोंझालेसने त्याला ७४ विरुद्ध २७ असे हरवले. रोझवॉल आला, त्याला ५० विरुद्ध २६. विंबल्डनचा दोन वर्षांचा विजेता ल्यू होड आला, त्याला ५१ विरुद्ध ३६. म्हणजे विंबल्डन ज्याला अजिंक्य म्हणून मिरवी, त्याची खरी परीक्षा गोंझालेसपुढे होत असे, आणि तीत तो नापास होत असे. गंमत अशी की हरणाऱ्या नवख्याला करारात जिंकणाऱ्या गोंझालेसपेक्षा जास्त पैसे मिळत, कारण तिकिटे नवख्याच्या ताज्या नावावर खपत. पंगतीत गोंझालेसच्या पानावर २ हा आकडा आहे. १९७६ साली मार्क एडमंडसन हा जगात २१२ व्या क्रमांकावर असलेला खेळाडू ऑस्ट्रेलियन स्पर्धा जिंकला. त्याची मी थट्टा करीत नाही. समोर आलेल्यांना हरवूनच तो जिंकला. पण या गणिताने एडमंडसन हा गोंझालेसच्या निम्मा होतो. हे गणित कोणत्या शाळेत शिकवतात?

लेव्हरची कथा ठाऊक असलेले लोक पुष्कळ आहेत, तरी ती अर्धीच सांगितली जाते. १९६२ साली त्याने एका वर्षात चारही स्पर्धा जिंकल्या, धंदेवाईक झाला, आणि १९६३ ते १९६७ या पाच वर्षांतल्या २० स्पर्धांना मुकला. १९६८ च्या जानेवारीतली ऑस्ट्रेलियन धरली तर २१. दार उघडल्यावर तो खेळलेल्या पहिल्या सात स्पर्धांत त्याने पाच जिंकल्या, त्यांत १९६९ च्या चारही आल्या. इथपर्यंत सगळे सांगतात. पण १९६३ साली हा ताजा चौपट विजेता धंदेवाईकांत गेला तेव्हा होड आणि रोझवॉल यांनी त्याला आरंभी सपाटून मार दिला, हे कोणी सांगत नाही. त्याचा अर्थ उघड आहे. १९६२ चे ते चार विजयही सर्वांत चांगल्यांना वगळूनच झाले होते. म्हणून लेव्हरच्या ११ त काही मिळवावे म्हणून मी हे लिहितो आहे असे कोणी समजू नये. त्यातल्या पहिल्या सहांची किंमत आपण समजतो तेवढी नाही आणि न मिळालेल्यांची किंमत आपण धरतच नाही. आकडा दोन्ही टोकांनी खोटा आहे.

एमर्सनच्या १२ कडे पाहा. त्याच्या बारांपैकी दहा अजिंक्यपदे १९६३ ते १९६७ या पाच वर्षांतली आहेत. बरोबर तीच पाच वर्षे! लेव्हर गेला आणि मळा मोकळा झाला. एमर्सन लहान खेळाडू नव्हे. उरलेली दोन त्याने १९६१ साली अंतिम सामन्यात लेव्हरलाच हरवून मिळवली. पण हाच एमर्सन त्याच १९६१ साली विंबल्डनच्या उपान्त्यपूर्व फेरीत आपल्या रामनाथन कृष्णन यांच्याकडून सरळ तीन सेटमध्ये हरला. कृष्णन १९६० आणि १९६१ अशी दोन वर्षे विंबल्डनच्या उपान्त्य फेरीत पोहोचले; क्रेमरने देऊ केलेला धंदेवाईक करार त्यांनी नाकारला. मनगटाच्या नाजूक फटक्यांवर खेळणारा हा माणूस आकड्यांच्या पंगतीला बोलावलेलाच नाही, कारण त्याचा आकडा शून्य. अन् हे शून्य खरे शून्य आहे, गैरहजेरी नव्हे. ते परीक्षेला बसले होते. तरीही त्या एका आकड्याने कृष्णन यांच्या खेळाचे काय कळले? काही नाही.

कोणी म्हणेल, मास्तर, १९६८ नंतर तर दार सताड उघडे होते, त्यापुढचे आकडे तरी खरे माना. तेही नाही. १९७२ साली एका व्यावसायिक मंडळाशी करार असलेल्या खेळाडूंना पुन्हा विंबल्डनबाहेर ठेवले. आधीची दोन वर्षे तिथे जिंकलेला न्यूकम त्यांत होता. १९७३ साली पिलिचवरच्या बंदीमुळे ८१ जणांनी विंबल्डनवर बहिष्कार घातला; न्यूकम पुन्हा बाहेर. कॉनर्सने १९७४ साली ऑस्ट्रेलिया, विंबल्डन आणि अमेरिका जिंकली; पॅरिसला त्याला खेळूच दिले नाही, कारण अमेरिकेतल्या सांघिक टेनिसशी त्याचा करार होता. आणि बोर्ग? ऑस्ट्रेलियाला तो जन्मात एकदाच गेला, १९७४ साली. त्याची ११ झाली होती, एमर्सनची १२, एक कमी. २५ व्या वर्षाच्या आसपास त्याने खेळ जवळजवळ सोडला. त्याच्या डोळ्यांपुढे हा आकडा असता तर वर्षाच्या शेवटी विमानात बसून मेलबर्नच्या गवतावर तो आणखी एकदा तरी उतरला नसता काय? त्या काळी ही पंगतच मांडलेली नव्हती. सॅम्प्रस एमर्सनच्या जवळ येऊ लागला तेव्हा १९९० नंतरच्या दशकात ती थाटात मांडली गेली, आणि मग मागच्या शंभर वर्षांच्या लोकांना हाका मारून तिच्यात बसवले. परीक्षा झाल्यावर अभ्यासक्रम जाहीर करण्याचा हा प्रकार आहे.

हिशेबनीसांची खरी लबाडी मात्र पुढेच आहे. २०२२ साली लस न घेतल्यामुळे जोकोविचला ऑस्ट्रेलियातून परत पाठवले आणि अमेरिकेतही येऊ दिले नाही. २०२० साली साथीमुळे विंबल्डन झालेच नाही. त्याचे भक्त लगेच हिशेब मांडतात, की या तीन झाल्या असत्या तर २४ चे २६ झाले असते, २७ झाले असते. वा! तीन हुकलेल्या परीक्षांचे गुण मागायला हे लोक अर्ज घेऊन उभे, आणि लेव्हरच्या २१, रोझवॉलच्या १९५७ ते १९६७ पर्यंतच्या ४४, गोंझालेसच्या ५४ यांविषयी विचारले की म्हणतात, इतिहासात जर-तरला स्थान नाही. जर-तरला स्थान नसेल तर ते कोणालाच नसावे. लस न घेण्याचा निर्णय जोकोविचचा होता तसा करारावर सही करण्याचा निर्णय गोंझालेसचाही होता, हे मी मान्य करतो. पण एकाने दोन स्पर्धा घालवल्या, दुसऱ्याचे तारुण्य गेले.

एवढे वाचून 'आमच्या वेळचे टेनिस' म्हणून उसासे टाकणारी म्हातारी मंडळी खूश झाली असतील. त्यांनी होऊ नये. लाकडी रॅकेटचा लेव्हर आजच्या अल्काराझपुढे उभा केला तर दोन खेळसुद्धा मिळणार नाहीत, हे मला दिसते. लेव्हरच्या दोन्ही चौपट विजयांत तीन स्पर्धा गवतावर होत्या आणि एक मातीवर. जोकोविचने गवत, माती आणि सिमेंटसारखी कठीण जमीन अशा तिन्हींवर चारही स्पर्धा प्रत्येकी किमान तीनदा जिंकल्या आहेत. नदालशी झालेल्या ६० सामन्यांत ३१ आणि फेडररशी झालेल्या ५० त २७ त्याने जिंकले, ४२८ आठवडे तो जगात पहिला राहिला. हे त्याचे खरे धन आहे. समोर हजर असलेल्या माणसांना हरवून मिळवलेले आहे. २४ च्या डोलाऱ्याखाली ते झाकून टाकण्याची काय गरज? पुन्हा आजच्या रॅकेटचे, तारांचे आणि २००१ साली विंबल्डनने बदललेल्या गवताचे श्रेयही त्यात थोडे आहेच. त्याच २००१ पासून मोठ्या स्पर्धांत मानांकित खेळाडू १६ ऐवजी ३२ झाले, म्हणजे पहिल्या दोन फेऱ्यांत बड्यांची बड्यांशी गाठ पडण्याची धास्ती गेली. रोझवॉलला असले संरक्षण नव्हते. तो ३३ व्या वर्षी परत आला, १९६८ ची पॅरिसची स्पर्धा लेव्हरला हरवून जिंकला, आणि ३७ व्या वर्षापर्यंत आणखी तीन अजिंक्यपदे मिळवून बसला.

जानेवारीत ऑस्ट्रेलियन स्पर्धा सुरू होईल आणि तो तक्ता वर्तमानपत्रांत पुन्हा छापला जाईल. छापणारांना एक सुचवतो. फार खर्च नाही, एक रकाना लागेल. अजिंक्यपदांच्या शेजारी 'गै. ह.' असा रकाना आखावा, आणि ज्यांना दारातून परत पाठवले त्यांची वर्षे त्यात भरावी. गोंझालेसच्या ओळीत १९५० ते १९६७ येईल. मग त्याच ओळीत, जागा उरली तर, १९६९ चे विंबल्डनही लिहावे. वय ४१, पहिली फेरी, समोर २५ वर्षांचा पासारेल; पहिला सेट २२-२४ असा गेला, दुसऱ्यात अंधार पडत असतानाही खेळायला लावले म्हणून तो चिडला, प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. दुसऱ्या दिवशी येऊन त्याने उरलेले तिन्ही सेट घेतले, पाचव्यात हरण्याच्या सात गुणांवरून परत आला, आणि ११२ खेळांनंतर सामना जिंकला. पुढे चौथ्या फेरीत तो ॲशकडून हरला. त्या वर्षीचा त्याचा आकडा शून्य.