पाण्यात जाणारे पैसे

पाणी हा शब्द ऐकला की नागपूरच्या माणसाचे डोके थंड होते, आणि डोके थंड झालेल्या माणसाच्या खिशात हात घालणे कुठल्याही दुकानदाराला सोपे जाते. मे महिन्यात माझे तेच व्हायचे होते.

भाचा नवा संगणक जुळवायला बसला होता. अक्कल त्याची, पैसे माझे, अशी रीतसर वाटणी झाली होती.

"मामा, वॉटर कूलिंगचा तयार संच घेऊ. तीन पंख्यांचा. 360चा."

"360 रुपये? घे की!"

"मिलिमीटर, मामा. रेडिएटरची लांबी."

किंमत ऐकून मला पंख्याखाली बसावे लागले. दुकानदार म्हणाला, "साहेब, हवा ती हवा, पाणी ते पाणी!"

माझे भांडण आहे ते या वाक्याशी. माठातले पाणी गार का होते? माठ पाझरतो, पाझरलेले पाणी वाफ होऊन उडते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. या संचातले पाणी मात्र बंद नळीत जन्मठेप भोगत असते. प्रोसेसरपाशी तापायचे, पंपाने ढकलले की रेडिएटरात जायचे, तिथे पंख्यांनी खोलीतलीच हवा मारायची, की पुन्हा माघारी. खोलीत 40 अंश असतील तर ते पाणी 40च्या खाली उतरणे नाही. आणि काढलेली उष्णता जाते कुठे? तुमच्याच खोलीत! माठ पाझरला तर पाणी गार होते. हा संच पाझरला तर संगणक गार होतो. कायमचा.

पाण्यावर अन्याय नको. वजनास वजन धरले तर ते हवेच्या चौपट उष्णता पोटात घेते. दोन-अडीचशे वॉट खाणारा प्रोसेसर दिवसभर राबवणाऱ्याने संच जरूर घ्यावा. फक्त आधी पेटी मोजावी, हमी किती वर्षांची ते विचारावे आणि रेडिएटर पंपाच्या वर बसवावा, म्हणजे हवेचे बुडबुडे पंपात अडकत नाहीत. पण भाच्याचा प्रोसेसर होता 65 वॉटच्या वर्गातला! आमच्या देवघरात 60 वॉटचा बल्ब वर्षानुवर्षे जळला. त्याला कुणी पंप लावला नाही.

गंमत पुढेच आहे. साध्या, हवेच्या कूलरमधल्या तांब्याच्या नळ्यांतही बहुधा थोडेसे पाणीच असते. ते खाली उकळते, वर जाऊन निवते आणि आपल्या पायांनी परत येते. पंप नाही, कटकट नाही. पंखा बंद पडला तरी पत्र्यांचा तो डोलारा थोडीफार उष्णता टाकतच राहतो. संचातला पंप थांबला की पाणी जागच्या जागी बसते, साहेब रजेवर असताना फाईल बसते तसे.

शेवटी हवेचाच कूलर आणला. उरलेल्या पैशांत खिडकीतल्या कूलरला नवा वाळा भरला. खोली उतरली, तसा प्रोसेसरही उतरला, आणि मामाही. भाचा तेवढा तापलेलाच होता.

"सगळं खरं, मामा. पण त्या संचात रंगीत दिवे होते!"

म्हणजे मूळ दुखणे हे होते. मी माळ्यावर चढलो आणि दिवाळीची दिव्यांची माळ काढून त्याच्या हातात दिली.