डोक्यावरचे टिन आणि तिबेटचे पठार

वैशाखात आमच्या रिसोडला टिनाच्या घरात दुपारी बसवत नाही. लेकरे निंबाखाली, म्हातारी माणसे ओट्यावर. मजुरीला गेलेली माय मात्र तापल्या काळ्या रानात धसकटे वेचते आणि आभाळाकडे पाहते. पाणी वेळेवर आले तर निंदण-खुरपणाची मजुरी. नाही तर घराला कुलूप आणि पुण्या-मुंबईची वाट.

ते पाणी येण्यात फार लांबच्या एका तापलेल्या पठाराचाही हात आहे.

ऊन जमिनीवर पडते. काळी माती ते जास्त शोषते, पांढरा बर्फ बरेचसे परत फेकतो. तापलेली जमीन डोळ्यांना न दिसणारी उष्णता वर सोडते. म्हणजे हवा मुख्यतः खालून तापते, चुलीवरच्या भांड्यासारखी.

आपले रिसोड समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर. तिबेटचे पठार सरासरी ४,५०० मीटर. गंगेच्या मैदानावर तेवढ्या उंचीची हवा जमिनीपासून दूर, म्हणून गार असते. तिबेटात त्याच उंचीवर चूल पेटलेली! मे-जूनमध्ये तिथली हवा तापून वर चढते, उंचावरचे वारे बदलतात आणि समुद्रावरचे ओले वारे आपल्याकडे ओढले जायला मदत होते. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ साली पावसाळ्यातील उंचावरच्या पूर्वेच्या वेगवान वाऱ्यांचा संबंध या तापण्याशी जोडला.

त्याही आधी, १८८४ साली, हवामान खात्याचे प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी सांगितले होते की हिमालयात बर्फ जास्त राहिला तर पाऊस कमी पडतो. पण हे गणित दरवर्षी जुळले नाही. समुद्राचे तापमानही आडवे येते. शिवाय हिमालयाची भिंत उत्तरेची कोरडी हवा अडवते हेच मोठे कारण, असे २०१० साली काही शास्त्रज्ञांनी मांडले. म्हणून एका कारणावर पावसाचे भाकीत करणाऱ्याचे ऐकून पेरणीची घाई करू नये.

तिबेटची चूल आपल्या हाती नाही, डोक्यावरचे टिन आहे. बर्फाचा गुण त्याला द्या. उन्हाळा लागण्यापूर्वी चुन्याचा जाड हात मारा; पांढरे टिन ऊन परत फेकते. पावसाने चुना धुऊन जातो, म्हणून दरसाल मारावा लागतो. चढताना सकाळी चढा, पाय आडव्या लाकडावरच ठेवा. आम्ही मागच्या वर्षी केले. उकाडा गेला नाही, पण कमी झाला आणि लेकरू दुपारी घरातच झोपले.