दर अधिक, जमा कमी

अमेरिकेतील सॅन अँटोनिओ या एकाच शहरात अनेक स्वतंत्र शालेय जिल्हे आहेत. प्रत्येक जिल्हा आपल्या हद्दीतील घरे, जमिनी व दुकाने यांवर कर बसवून शाळांसाठी पैसा उभा करतो. त्यांपैकी दोघांचा १९६७-६८ चा जमाखर्च व्यापारी माणसाने अवश्य पाहावा असा आहे.

एजवूड ही बहुतांशी मेक्सिकन वंशाच्या श्रमिकांची वस्ती. तेथे शंभर डॉलरच्या मालमत्तेवर १ डॉलर ५ सेंट कर होता. सधन अलामो हाइट्समध्ये ८५ सेंट. गरीबच चढ्या दराने कर भरीत होते. तरीही राज्ययोजनेतील वाटा देऊन झाल्यावर एजवूडच्या हाती दर विद्यार्थ्यामागे २६ डॉलर उरत, अलामो हाइट्सच्या हाती ३३३. सरकारी अनुदाने मिळवूनही एकूण रकमा अनुक्रमे ३५६ आणि ५९४ होत्या. दरात खोट नव्हती. ज्यावर दर आकारायचा ते भांडवलच तुटपुंजे होते.

वर्गात त्याचे फळ दिसे. एजवूडचे ४७ टक्के शिक्षक तातडीच्या तात्पुरत्या परवान्यावर शिकवीत. अलामो हाइट्सचे ११ टक्के. अशा वर्गातील मूल मागे पडले की दोष मात्र त्याच्या बुद्धीला दिला जातो.

१९६८ मध्ये डेमेट्रिओ रॉड्रिग्ज हा पत्र्याचे काम करणारा कारागीर इतर पालकांसह न्यायालयात गेला. खालच्या न्यायालयात ते जिंकले. पण २१ मार्च १९७३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल फिरविला. शिक्षण हा अमेरिकी राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, असे बहुमताचे म्हणणे पडले. (भारताने तो हक्क २००२ च्या घटनादुरुस्तीने दिला, हे येथे आठवते.)

पैशाने शिक्षणाचा दर्जा ठरतो काय, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत, असेही बहुमताने नोंदविले. हे अगदीच निराधार नव्हते. १९६६ च्या कोलमन अहवालाला शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीचा प्रभाव मोठा दिसला होता. पण घर दुबळे असेल तर शाळा अधिक सबळ हवी; येथे दोन्ही दुबळी होती. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी भिन्नमतपत्रिकेत नेमके बोट ठेवले: पैशाने काही फरक पडत नसेल, तर श्रीमंत जिल्हे ही व्यवस्था टिकविण्यासाठी एवढे का झटत आहेत?

पुढे एजवूडने राज्याच्या न्यायालयांत नवा दावा लावला. १९८९ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याच्या बाजूने कौल दिला. १९६८ साली प्राथमिक वर्गात बसलेली मुले तोवर तिशीच्या आसपास पोहोचली होती.