जो करंट जाणवतच नाही, त्याची चाचणी घ्या

मा. महासंचालक,
भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद,
अन्सारी नगर, नवी दिल्ली.



मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फिजिओथेरपीचा दवाखाना चालवते. माझ्याकडे येणारे बरेचसे लोक कंबर, गुडघा, मान यांच्यासाठी येतात आणि त्यांचे बरे चालले आहे. हे पत्र उरलेल्यांसाठी लिहिते आहे, ज्यांच्या नसाच दुखतात. मधुमेहाने तळपायांची आग होते म्हणून रात्री ओल्या फरशीवर पाय टेकून बसणारे. नागीण सुकून महिने लोटले तरी बरगडीवर सदरा टेकू न देणारे. अर्धांगवायूचा झटका ओसरल्यावर हात सुजून ठणकणारे. अलीकडे यातला जो तो विचारतो, 'मॅडम, ते मायक्रोकरंट लावून बघायचं का?' मोबाइलवर त्याचे व्हिडिओ बघून झालेले असतात. शहरातल्या एखाद्या सेंटरचे दरपत्रक मुलाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले असते. मी जे उत्तर देते त्याने माझेच समाधान होत नाही. खरे उत्तर शोधण्याचे साधन माझ्याकडे नाही, तुमच्याकडे आहे.

पत्र खुले आहे, म्हणून इतर वाचकांसाठी थोडे सांगते. फिजिओथेरपीत वर्षानुवर्षे वापरात असलेले टेन्सचे मशीन मिलिअँपिअरमध्ये करंट देते. पॅडखाली मुंग्या येतात, टकटक जाणवते. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडले की स्पर्शाच्या जाड नसा चाळवल्या की वेदनेच्या संदेशाची वाट मज्जारज्जूतच अडते. टेन्सचा मुख्य आधार तोच. मायक्रोकरंट त्याहून कितीतरी खाली, १००० मायक्रोअँपिअरच्या आत, बऱ्याचदा काहीशे मायक्रोअँपिअरच असतो. रुग्णाला काही म्हणजे काही कळत नाही. मशीन चालू आहे की बंद, हे दिव्याकडे बघूनच समजते. नसा चाळवल्या जातच नाहीत, त्यामुळे मेलझॅक आणि वॉल यांचा खुलासा इथे उपयोगी पडत नाही. मग दुखणे कमी होत असेल तर कशाने?

इथे जवळपास प्रत्येक माहितीपत्रक १९८२ सालच्या एका प्रयोगाकडे बोट दाखवते. चेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेल्जियममध्ये उंदरांच्या कातडीच्या तुकड्यांतून करंट सोडला. ५०० मायक्रोअँपिअरच्या आसपास पेशींमधले एटीपी, म्हणजे पेशीचे इंधन, तिप्पट ते पाचपट वाढले आणि १००० च्या वर गेल्यावर ती वाढ टिकली नाही. प्रयोग चांगला होता. जखमेच्या जागी शरीर स्वतःच बारीक विद्युतप्रवाह निर्माण करते, हेही एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे. एमिल द्यु बॉइस-रेमाँ यांनी तो स्वतःच्या कापलेल्या बोटावर मोजला होता. तेव्हा बारीक करंटाचा पेशींवर परिणाम होत असेल, या कल्पनेत वेडगळ असे काही नाही. पण उंदराच्या कातडीच्या तुकड्यापासून पार्किन्सन झालेल्या माणसाच्या मेंदूपर्यंतचे अंतर या पत्रकांमध्ये एका वाक्यात कापलेले असते, आणि तिथे मी अडते.

दुसरा दावा फ्रीक्वेन्सीचा. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या कायरोप्रॅक्टर कॅरोलिन मॅकमेकिन यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत पुढे आणली. एका चॅनलवर आजाराची फ्रीक्वेन्सी, दुसऱ्यावर अवयवाची. त्यांच्या यादीत ४० हर्ट्झ म्हणजे दाह आणि १० हर्ट्झ म्हणजे मज्जारज्जू. मानेच्या दुखापतीनंतर फायब्रोमायल्जिया झालेल्या रुग्णांवरचा त्यांचा २००५ सालचा लेख मी वाचला आहे. दुखणे उतरल्याचे आकडे त्यात आहेत, पण तुलनेसाठी दुसरा गट नाही. मज्जारज्जूला १० हर्ट्झच का आणि १२ का नाही, याचे मला पटेल असे उत्तर आजवर कुठे मिळालेले नाही. तरीही हा दावा मी हसण्यावारी नेणार नाही, कारण तो तपासता येतो. कसा, ते पुढे सांगते.

तिसरी गोष्ट पत्रकावर ठळक छापलेली असते: 'एफडीए मान्यताप्राप्त'. एफडीए ही अमेरिकेची औषधे आणि उपकरणे तपासणारी सरकारी संस्था, त्यामुळे रुग्णाला वाटते, अमेरिकेने हा उपचार सिद्ध झाल्याचे सांगितले. प्रत्यक्षात अशा बहुतेक मशीनना मिळालेली परवानगी एवढेच सांगते, की हे उपकरण आधीपासून बाजारात असलेल्या उपकरणासारखेच आहे. कानाच्या पाळ्यांना चिमटे लावून डोक्यातून सूक्ष्म करंट देणाऱ्या उपकरणांचे उदाहरण बघा. डिसेंबर २०१९ मध्ये एफडीएने चिंता आणि निद्रानाश यांच्यासाठी ती नियंत्रणाच्या मधल्या वर्गात आणली, नैराश्यासाठी मात्र सर्वात कडक वर्गातच ठेवली. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या आरोग्य विभागासाठी झालेल्या आढाव्यात जुनाट दुखण्यांवर या उपकरणांचा उपयोग होतो असे म्हणण्याइतका पुरावा सापडला नव्हता. आपल्याकडेही वैद्यकीय उपकरण नियम २०१७ साली आले आणि १ एप्रिल २०२० पासून सगळी उपकरणे त्यांच्या कक्षेत आली. ते आवश्यकच होते. पण परवाना मिळालेले मशीन ठरल्याप्रमाणे चालते, एवढीच हमी परवान्यातून मिळते. त्या मशीनने नागिणीमागची आग शमते का, हे त्यावरून कळत नाही.

माझ्याकडे मायक्रोकरंटचे मशीन आहे आणि मी ते वापरते, हे इथेच सांगितले पाहिजे. गेल्या पावसाळ्यात एक काकू आल्या. झटक्यानंतर चालू लागल्या होत्या, पण उजवा हात मनगटापासून सुजलेला, कातडी ताणून चकचकीत झालेली, बोटे मिटत नव्हती. हात पदराखाली झाकून बसल्या होत्या. मी विचारपूस करायच्या आधीच म्हणाल्या, 'पंखा बंद करता का ताई, वारा झोंबतोय.' झटक्यानंतर होणारे हे दुखणे वैद्यकाला जुने ठाऊक आहे. नसांना इजा झाल्यावर होणाऱ्या याच जातीच्या आगीचे वर्णन सायलस वेअर मिचेल यांनी १८६४ मध्ये अमेरिकन यादवी युद्धातल्या जखमी सैनिकांवरून केले होते. काकूंना त्यांच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. मी आरशासमोरचे व्यायाम घेतले, हात उंचावर ठेवायला शिकवले, वेगवेगळ्या पोताची कापडे हळूहळू हाताला लावली, आणि जोडीला मायक्रोकरंट दिला. काही आठवड्यांनी त्यांनी कणकेचा गोळा त्या हाताने दाबून दाखवला. आता त्यांचा मुलगा गावभर सांगतो, मशीनने आईचा हात मोकळा केला.

मशीननेच केला का? मला माहीत नाही. गोळ्यांनी असेल, आरशाने असेल. हे दुखणे पुष्कळांचे काही महिन्यांत आपसूक उतरणीला लागते, तसेही असेल. माणूस दवाखान्यात येतो तेव्हा त्याचे दुखणे टोकाला गेलेले असते, त्यामुळे त्यानंतर काहीही केले तरी थोडा उतार दिसतोच. कोणी तरी रोज अर्धा तास शेजारी बसते, हात हातात घेते, यानेही माणसाला बरे वाटते. एकट्या दवाखान्यात बसून मला हे धागे वेगळे करता येत नाहीत. माझ्यासारखे हजारो फिजिओथेरपिस्ट देशभर हेच अनुभव घेत असतील, पण हजार अनुभवांची बेरीज केली म्हणून त्याचा पुरावा होत नाही.

आणि म्हणूनच मायक्रोकरंटची चाचणी टळावी याचे मला नवल वाटते. शारीरिक उपचारांची प्रामाणिक चाचणी घेणे फार अवघड असते. मसाज खोटा कसा देणार? टेन्सच्या खोट्या मशीनने मुंग्या येत नाहीत, रुग्ण लगेच ओळखतो. मायक्रोकरंट मात्र खऱ्या मशीनमध्येही जाणवत नाही. दिसायला सारखी दोन मशीन, दोन्हींचा दिवा पेटलेला, एकातून करंट जातो आणि दुसऱ्यातून जात नाही. कोणते खरे, हे रुग्णाला कळणार नाही आणि पॅड लावणाऱ्यालाही नाही. संकेतक्रमांक तिसऱ्याच माणसाकडे कुलपात. इतकी निर्दोष तुलना औषधाच्या गोळीतही दर वेळी साधत नाही, कारण गोळीने तोंड कोरडे पडते, झोप येते आणि रुग्ण अंदाज बांधतो.

माझी मागणी ही आहे. तीन दुखणी घ्या: मधुमेहातली पायांची आग, नागिणीमागची वेदना आणि झटक्यानंतरचा हात. पहिले दुखणे तुमच्या दारातलेच आहे. परिषदेच्याच इंडियाब अभ्यासाने २०२३ मध्ये देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण असल्याचे दाखवले. त्यातल्या ज्यांच्या नसा बिघडतात त्यांच्यासाठी आपल्याकडे प्रीगाबालिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन अशी औषधे आहेत. ती लागू पडतात, पण सगळ्यांना नाही, आणि म्हाताऱ्या माणसाला त्यांनी गरगरते. रात्री लघवीला उठताना तोल जाऊन खुबा मोडलेले रुग्ण पुढे आमच्याकडेच येतात. गोळीविना थोडा जरी आराम देता आला तर तो मोलाचा आहे. म्हणूनच हे मशीन निकालात काढून मोकळे व्हा, असे मी म्हणत नाही.

रुग्णांचे तीन गट करा. एकाला करंटच नाही. दुसऱ्याला करंट, पण फ्रीक्वेन्सी यादीबाहेरची, चिठ्ठी टाकून काढलेली. तिसऱ्याला यादीतली. पहिल्याची उरलेल्या दोघांशी तुलना केली की करंटाचे कळेल, दुसऱ्याची तिसऱ्याशी केली की फ्रीक्वेन्सीचे. शून्य ते दहा या पट्टीवर दुखणे किमान दोन अंकांनी उतरले तरच रुग्णाच्या जगण्यात फरक पडतो असे मानण्याची रीत आहे, तीच ठेवा. पण त्यासोबत झोप किती लागली, गोळ्या किती कमी झाल्या, हाताची मूठ किती वळली हेही लिहून घ्या. उपचार थांबल्यावर सहा महिन्यांनी पुन्हा बघा. आणि शेवटी प्रत्येकाला विचारा, तुम्हाला खरे मशीन लागले होते असे वाटते का? या उत्तरांवरून गुप्तता खरोखर टिकली का ते समजेल. मुंबईत हाजी अलीजवळची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, केईएम आणि नायर रुग्णालयांत फिजिओथेरपीचे शिक्षण आहे, नागपूरला शासकीय महाविद्यालय आहे. चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही २००७ पासून तुमच्याच संस्थेत चालते. चाचणी सुरू होण्याआधी तिथे नोंद करा, आणि निकाल कसाही लागो, छापा. मशीन विकणाऱ्यांचा पैसा यात एक रुपयाही नको.

परिषदेने असे काम पूर्वी केलेले आहे. क्षयरोग्याला सॅनेटोरियममध्येच ठेवले पाहिजे असे जग मानत होते, तेव्हा १९५६ साली मद्रासमध्ये परिषदेने जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेसह केंद्र उभारले. घरी राहून औषध घेणाऱ्यांना आणि सॅनेटोरियममध्ये ठेवलेल्यांना शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि १९५९ मध्ये दाखवून दिले की घरचा उपचारही तितकाच गुणकारी आहे. गरिबाघरच्या लाखो माणसांना त्याचा फायदा झाला. मायक्रोकरंटचा प्रश्न त्यापुढे लहान आहे, पण तो सुटण्याची वाट बघणारी माणसेही तशाच घरांतली आहेत.

मेंदूच्या आजारांबद्दल वेगळे आणि स्पष्ट लिहिते. पार्किन्सन, अपस्मार, मुलांमधली स्वमग्नता, झटक्यानंतरची लुळी बाजू, हे सगळे मायक्रोकरंटने बरे होते अशा जाहिराती राजरोस फिरतात. मेंदूत इलेक्ट्रोड बसवून करंट देण्याचा उपचार, किंवा अपस्मारासाठी मानेतल्या व्हेगस नसेला करंट देणारे उपकरण, यांनी कठोर चाचण्यांतून जागा मिळवली आहे. त्यांचे नाव पुढे करून मायक्रोकरंट विकला जातो, आणि दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. मंगल कार्यालयात मोफत शिबिर भरवून पायाखाली मुंग्या आणणारी मशीन विकणारेही आता हाच शब्द वापरतात, वास्तविक मुंग्या येतात तो मायक्रोकरंट नव्हेच. यात माणसे पैसे घालवतात, त्याहून वाईट म्हणजे दिवस घालवतात. झटक्यानंतरचे पहिले काही महिने हातपाय परत मिळवण्याचे असतात. त्या महिन्यांत रोजचा व्यायाम सोडून खुर्चीत बसून पॅड लावून घेणाऱ्याचे नुकसान नंतर मला भरून काढता येत नाही. पार्किन्सनच्या रुग्णाने 'आता मशीन आहे' म्हणून लेव्होडोपाची गोळी मनानेच बंद केली तर ते थेट धोक्याचे आहे.

आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा १९५४ चा कायदा आहे. त्याच्या ५४ आजारांच्या यादीत मेंदूचे विकार, मज्जासंस्थेचे विकार, अपस्मार, पक्षाघात, सगळे आहे. कारवाई करणे तुमचे काम नाही, हे मी जाणते. पण कारवाई करणाऱ्या अधिकाऱ्याने विचारले की 'याला शास्त्रीय आधार आहे की नाही?', तर त्याच्यापुढे ठेवायला तुमचा एक कागद हवा. चाचणीचा निकाल यायला वर्षे लागतील, तो कागद मात्र या वर्षीही निघू शकतो. दोन पानी, मराठीसह सगळ्या भारतीय भाषांत. कोणत्या दुखण्यात अभ्यास चालू आहे, कोणत्या आजारात काहीही आधार नाही, पेसमेकर असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि फिट येणाऱ्यांनी का लांब राहावे, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतीही गोळी का बंद करू नये. मी तो दवाखान्याच्या दारावर लावीन.

आपण आरोग्य संशोधन विभागाचे सचिवही असता. नव्या उपचारांचा खर्च आणि उपयोग तपासणारी यंत्रणा त्याच विभागात आहे. चाचणीत मायक्रोकरंट उतरला, तर त्याचा दर ठरवून तो जिल्हा रुग्णालयांत आणण्याचा विचार तिथेच होऊ शकेल. नाही उतरला, तर माझे मशीन मी कपाटात ठेवीन आणि त्या अर्ध्या तासात दुसरे काही करीन. चाचणीसाठी तालुक्याच्या पातळीवर रुग्ण नोंदवायला, त्यांच्या वह्या भरायला, सहा महिन्यांनी त्यांना घरी जाऊन शोधायला माणसे लागतील. आमच्या भागातले ते काम मी विनामोबदला करायला तयार आहे, आणि करंट असलेले मशीन कोणते, हे मला शेवटपर्यंत कळू देऊ नका.

आपली नम्र,
एक फिजिओथेरपिस्ट, सातारा जिल्हा