बी आधी, खड्डा नंतर

पावसाळा तोंडावर आला की वृक्षारोपणाचे आकडे जाहीर होऊ लागतात. १ जुलै २०१६ रोजी राज्याने एका दिवसात २ कोटी रोपे लावण्याचे ठरवले. पुढच्या वर्षांत हा आकडा ४ कोटी, १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटींवर गेला. त्यापुढे पुण्याच्या टेकड्यांवर रविवारी सकाळी जमणारे, देशी झाडांसाठी राबणारे गट अगदीच किरकोळ वाटतील. त्यांचे निम्मे काम जूनच्या आधीच उरकलेले असते आणि त्यात फोटो काढण्याजोगे फारसे काही नसते.

हे काम होळीच्या आगेमागे सुरू होते. काटेसावरीची बोंडे उकलून कापूस उडायच्या आत ती उतरवावी लागतात. मग बहाव्याच्या शेंगा, उन्हाळा सरता सरता पळसाच्या. प्रत्येक बीचा स्वभाव निराळा. बहाव्याचे कवच इतके टणक की ते घासल्याशिवाय किंवा बी गरम पाण्यात भिजवल्याशिवाय लवकर रुजत नाही. डब्यात मात्र ते खुशाल पडून राहते. जांभळाचे नेमके उलटे. फळ खाल्ले की आठवड्या-दोन आठवड्यांत पेरायचे, नाहीतर ते बी गेलेच. कोणते झाड कुठल्या घळीत आहे आणि ते कधी फळते, हे ठाऊक असलेली माणसे नसतील तर सरकारी निधी असूनही रोपे मिळणार नाहीत.

अडचण इथेच आहे. निविदा निघते ती पावसाच्या तोंडावर आणि कंत्राटदाराला रोपे हवी असतात त्याच महिन्यात. धावडा, सालई किंवा मेडशिंगी यांचे चांगले रोप तयार व्हायला एक-दोन वर्षे सहज जातात. साहजिकच बाजारात जे तयार असते तेच खड्ड्यात जाते. २०२१ मध्ये राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात बदल झाला. झाड तोडले तर त्याच्या वयाइतकी रोपे लावायची आणि ती सात वर्षे जपायची, ही तरतूद स्वागतार्ह आहे. पण ती रोपे लावताना ६ ते ८ फूट उंच असावीत, या अटीमुळे भराभर वाढणाऱ्या झाडांचेच फावते. सावकाश वाढणारी देशी झाडे स्पर्धेत उतरण्याआधीच बाद होतात.

अशा घाईचा परिणाम पुण्याच्या टेकड्यांवर दिसतोच. मध्य अमेरिकेतून आलेले गिरिपुष्प, म्हणजेच उंदीरमारी, इथे लावले गेले त्याला कारणे होती. फांदी खोचली तरी जगते, गुरे सहसा तोंड लावत नाहीत, उघडा उतार लवकर हिरवा दिसतो. त्या काळी निर्णय घेणाऱ्यांना आज दोष देण्यात अर्थ नाही. मात्र त्या दाटीखाली इथले गवत आणि झुडपे मागे हटली. म्हणून हे गट गिरिपुष्प एकदम न तोडता थोडे थोडे विरळ करतात आणि मोकळ्या जागी खैर, मोई, पांढरूख लावतात. रस्त्याकडेच्या जुन्या गुलमोहरावर किंवा पर्जन्यवृक्षावर कुऱ्हाड चालवा, असे कोणी शहाणा म्हणत नाही.

त्यांच्या अनुभवातून आलेली दुसरी गोष्ट पचायला अधिक जड आहे : प्रत्येक मोकळी जागा झाड मागत नाही. या टेकड्यांचा बराच भाग मुळात गवताळ माळ. तिथे चंडोल जमिनीवर घरटी करतात, पावसात भुईआमरी आणि कंदीलपुष्पासारख्या कंदवर्गीय वनस्पती डोके वर काढतात. त्या माळावर खड्डे घेऊन सावली धरणे म्हणजे हिरवाईच्या नावाखाली नुकसानच. कोकणातली सुरंगी पुण्याच्या कोरड्या उतारावर लावण्याचा उत्साहही याच जातीचा; झाड भारतीय असले म्हणून ते त्या जागेचे होत नाही.

महापालिका आणि वनखात्याने या गटांना केवळ श्रमदानाला बोलावू नये. जागेची पाहणी त्यांच्यासोबत करावी आणि कुठे लावायचे नाही याचा नकाशा आधी तयार करावा. रोपांची मागणी दोन पावसाळे आधी नोंदवावी, निम्मे पैसे बी पेरतानाच द्यावेत, उरलेले तिसऱ्या वर्षी जगलेली झाडे मोजून. उंचीच्या अटीत सावकाश वाढणाऱ्या जातींना सवलत हवी, ते काम राज्य सरकारचे. बाकीच्यासाठी कायदा बदलण्याची गरज नाही. येत्या अंदाजपत्रकात रोपखरेदीच्या तरतुदीची तारीख बदलली तरी सुरुवात होईल.